कोल्हापुरी वहाणेचा धनी कोण?

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा या श्रीमंती पोशाखांच्या कंपनीने पुरुषांच्या उन्हाळी कपड्यांचे प्रदर्शन भरविले. त्यात मिरवणाऱ्या तरुणांच्या पायांत सपाट तळाची, अंगठ्याची, रुंद पट्ट्याची एक चामडी वहाण होती. कंपनीने तिचे वर्णन नुसते ‘चामड्याची सँडल’ एवढेच केले होते. महाराष्ट्रात मात्र ती पाहताक्षणी ओळखली गेली आणि एकच गदारोळ उठला. व्यापाऱ्यांच्या राज्यस्तरीय संस्थेने कंपनीला पत्र धाडले. कोल्हापूरच्या परंपरेपासून ही प्रेरणा घेतली असल्याची कबुली कंपनीने दिली. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली आणि जुलैमध्ये ती फेटाळलीही गेली. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी कंपनीने सामंजस्य करार केला. त्याप्रमाणे दोन हजार जोड भारतात करून घ्यावयाचे आणि जगातील चाळीस दुकानांतून सुमारे ८०० युरोंना एक या भावाने विकावयाचे, असे जाहीर झाले. एका जोडाची ही किंमत आपल्या चलनात पाऊण लाखाच्या वर जाते.

या सहा महिन्यांत कोल्हापुरी चपलेविषयी जेवढे बोलले व लिहिले गेले, तेवढे त्यापूर्वीच्या पन्नास वर्षांत क्वचितच गेले असेल. परंतु त्यातील बहुतेक बोलणे अस्मितेचे होते. ‘आमची चप्पल त्यांनी चोरली’ हे वाक्य ज्यांच्या तोंडी होते, त्यातील किती जणांनी चप्पल शिवणाऱ्याच्या घराचा उंबरठा कधी ओलांडला होता, हा प्रश्न विचारणे त्या गर्दीत गैरसोयीचे ठरले असते. ‘आमची’ या एका शब्दात दुकानदार, व्यापारी, मंत्री, ग्राहक आणि रापी चालविणारा कारागीर असे सगळे एका पंक्तीला येऊन बसले. वस्तुतः ही पंक्ती कधीच एक नव्हती, आजही नाही.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू जावे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक निर्देशाची नोंदणी मिळाली. ती कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर या महाराष्ट्रातील चार आणि बेळगाव, बागलकोट, धारवाड व विजापूर या कर्नाटकातील चार जिल्ह्यांना लागू आहे. (सीमेच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात एकमेकांविरुद्ध उभी असलेली दोन सरकारे निदान चपलेच्या बाबतीत एका अर्जावर आली. निपाणी वा अथणीच्या समगाराला आणि कोल्हापूरच्या चर्मकाराला आपण एकाच धंद्यातले आहोत हे सांगायला कोणत्याही आयोगाची गरज कधीच पडली नव्हती.) नोंदणीकृत धनी मात्र कारागीर नाहीत. ते आहेत महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचे डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ. उच्च न्यायालयाने याचिकाकर्त्या वकिलांना हेच सांगितले, की हक्क ज्यांचा आहे त्यांनी दाद मागावी, तुम्ही कोण?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. १९९९ च्या या कायद्याने राखले जाते ते नाव. वस्तूचा आकार, तिची वीण वा ठेवण नव्हे. ‘कोल्हापुरी’ हा शब्द न उच्चारता कोणी हुबेहूब तशीच वहाण केली, तर या कायद्याचा हात तिथवर सहजासहजी पोचत नाही. शिवाय भारतातील नोंदणीचे बळ भारताच्या हद्दीपुरतेच असते. मिलानमध्ये नेमके हेच घडले. पण मिलानपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. यंत्रावर कापलेली, रेक्झिन व रबर चिकटवून केलेली आणि बेधडक ‘कोल्हापुरी’ म्हणून विकली जाणारी चप्पल देशातल्या प्रत्येक शहराच्या बाजारात खच्चून भरलेली आहे. ती तर नावासकट चोरी आहे. तिच्याविरुद्ध कोणी मोर्चा काढला नाही, कारण ती स्वस्त आहे आणि तिचा नफा इथल्याच गल्ल्यात पडतो.

हाताने केलेल्या जोडात आणि या नकलेत फरक कोणता, हे बहुसंख्य ग्राहकांना आता ठाऊक नाही. तो फरक नक्षीत दिसतो. पण नक्षीत सुरू होत नाही. तो कातडे कमावण्यापाशी सुरू होतो.

कच्चे कातडे आले की ते धुऊन चुन्याच्या पाण्यात काही दिवस भिजत घालतात. केस सुटले की ते खरवडून काढावयाचे, आतल्या बाजूचे मांस छिलून टाकावयाचे आणि चुना पुरता निघेपर्यंत पुन्हा धुवावयाचे. मग ते कातडे पिशवीसारखे शिवून लाकडी चौकटीला टांगतात आणि तिच्यात बाभळीच्या सालीचा व हिरड्याचा काढा भरतात. काढा कातड्यातून थेंबाथेंबाने झिरपतो, खाली जमतो, तोच पुन्हा वर ओतावयाचा. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगून दुसऱ्या टोकाकडून तेच करावयाचे. सगळे मिळून महिनाभर सहज जातो. रसायनांच्या पिंपात क्रोमच्या क्षारांनी हेच काम दिवसा-दोन दिवसांत उरकते आणि कातडे मऊ, लवचिक निघते. मग हा महिन्याचा खटाटोप कशासाठी? साल-हिरड्याने कमावलेले कातडे घट्ट व भरीव होते. ते ओले केले की मातीसारखे वळते आणि वाळले की वळण सोडत नाही. ओलसर कातड्यावर लोखंडी ठसा ठेवून हातोडीचा एक नेमका घाव घातला, की फुलाची, ठिपक्याची वा वेलीची खूण खोल उठते आणि जोड झिजेपर्यंत टिकते. क्रोमने कमावलेल्या कातड्यावर तोच ठसा मारला तर कातडे दबते आणि पुन्हा फुगून वर येते. खूण पुसट होऊन जाते. ज्याला लोक कोल्हापुरी नक्षी म्हणतात, तिचा अर्धा कारागीर हा काढ्याच्या पिशवीजवळ उभा असलेला, अंगाला सदैव वास येणारा ढोर समाजातील माणूस आहे. त्याचे नाव चपलेच्या जाहिरातीत कधी आलेले नाही.

पुढचे काम रापीचे, आरीचे आणि हातोडीचे. तळासाठी म्हशीचे जाड कातडे, पट्ट्याला त्याहून मऊ, वेणीसाठी शेळीचे पातळ. तळाचे थर कुटून एकजीव करावयाचे, टाच चढवावयाची, दोन्ही बाजूंना ‘कान’ काढून त्यांतून पट्टा ओवावयाचा, अंगठा बसवावयाचा. शिलाई चामड्याच्याच वादीची; खऱ्या जोडात खिळा नसतो. कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाळी, पुकारी अशी जी नाना नावे आहेत, त्यांतील भेद कानाच्या रुंदीत, पट्ट्याच्या घडणीत, वेणीच्या पदरांत आणि ठशांच्या मांडणीत असतात.

शेवटी येते रंग आणि सफाई. रंगाचे काम तेलाच्या आधी करावे लागते, कारण एकदा तेल मुरले की रंग सारखा धरत नाही, डाग पडतात. चिंधीने हलक्या हाताने, एका दिशेने, दोन-तीनदा रंग फिरवावा लागतो. पहिल्या फेरीतच गडद करू पाहणाऱ्याचा जोड वाया जातो. कडा रापीने तासून, ओल्या करून, गुळगुळीत होईपर्यंत घासावयाच्या. मग तेल पाजावयाचे. तेल पिऊन कातडे मऊ होते आणि उन्हात व वापरात त्याचा तो मधासारखा रंग दिवसेंदिवस गडद होत जातो. नवी चप्पल चावते म्हणून नाक मुरडणाऱ्या ग्राहकाला हे ठाऊक नसते की ती अजून पुरी झालेलीच नाही. अखेरची सफाई त्याच्या पायानेच व्हावयाची असते.

हे सर्व काम कोण करते? तळ कापणे, कुटणे, जाड शिलाई बहुधा पुरुषांकडे. वेणी घालणे, पट्ट्याची नाजूक शिलाई, ठसे, गोंडे आणि सफाई यांतील फार मोठा भाग बायकांकडे. जोडाला जे मोल येते ते या नाजूक कामाने येते. दुकानात ग्राहक हातात घेऊन पाहतो ती वेणी, तळाची जाडी नव्हे. असे असताना ती बाई कारागीर म्हणून कोठेच मोजली जात नाही. चूल, पाणी, मुले आवरून रात्री दिव्याखाली ती वेणी विणते, आणि ते ‘घरकामात हातभार’ या सदरात जमा होते. मजुरी जोडावर ठरते, जोडाचे पैसे घरच्या पुरुषाच्या हाती येतात आणि व्यापाऱ्याच्या वहीत नाव त्याचेच असते. डोळे तिचे जातात, पाठ दोघांची जाते.

पावसाळा या धंद्याचा वैरी आहे. कातडे वाळत नाही, गिऱ्हाईक फिरकत नाही, कारण कमावलेल्या चामड्याची ही चप्पल चिखलपाण्यात घालण्याची नव्हे. त्या चार महिन्यांत घर चालते ते व्यापाऱ्याकडून घेतलेल्या उचलीवर. आणि दिवाळीच्या हंगामात जेव्हा जोडाला भाव असतो, तेव्हा माल आधीच त्या उचलीत गुंतलेला असतो. शेतमजुराची उचल आणि ऊसतोड कामगाराची उचल यांविषयी या चळवळीने पुष्कळ लढे दिले. चर्मकाराची उचल मात्र चार भिंतींच्या आत राहिल्याने ती तिच्या नजरेतून सुटली, हे प्रामाणिकपणे मान्य करावयास हवे.

दशकभरात या जुन्या दुखण्यांवर नवे दुखणे आले. १९९५ साली विधिमंडळाने संमत केलेल्या पशुसंरक्षण दुरुस्तीला मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि महाराष्ट्रात गायींबरोबर बैल व वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. कर्नाटकाने २०२० साली त्याहून कडक कायदा केला. बैलाचे कातडे दुर्मीळ झाले, भाव चढले, आणि कारागीर तमिळनाडूच्या बाजारातून आणलेल्या कमावलेल्या कातड्यावर अवलंबून राहू लागला. बंदी कत्तलीवर आहे, नैसर्गिक मृत्यू आलेल्या जनावराच्या कातड्यावर नाही, असा युक्तिवाद सरकारी बाजू करते, आणि कागदावर तो खराही आहे. पण रस्त्यावरचा कायदा निराळा असतो. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना बांधून, फटके मारीत धिंड काढण्यात आली. ती चित्रे देशभर पोचली. त्यानंतर कातड्याचे ओझे गाडीत घालून तालुक्याच्या गावी न्यावयास कोण धजेल? मेलेल्या जनावराचे कातडे काही तासांत मीठ लावून राखले नाही तर ते नासते. भीतीमुळे होणारा एका दिवसाचा उशीर पुरेसा असतो. ज्या राजकारणाने कोल्हापुरी चपलेसाठी मिलानवर डोळे वटारले, त्यातील बऱ्याच मंडळींनी त्या चपलेचे कातडे मात्र आधीच हिरावून घेतलेले आहे, ही विसंगती कोणत्याही अग्रलेखात फारशी दिसली नाही.

येथवर सगळे सरळ आहे. खरा अवघड प्रश्न पुढे आहे, आणि तो चर्मकार वस्तीतला शिकलेला तरुण विचारतो: ही कला तुम्हाला टिकवावयाची आहे, पण आम्ही का टिकवावी? मेलेले जनावर ओढण्याचे काम महारावर, कातडे कमावण्याचे ढोरावर, जोडा शिवण्याचे चर्मकारावर जन्मानेच लादले गेले. ज्या हातांनी वहाण केली त्यांना ती पायात घालून गावच्या पाटलाच्या वाड्यापुढून जाण्याची मुभा नव्हती. आता त्याच अपमानाला ‘वारसा’ असे गोंडस नाव देऊन पोरांना पुन्हा आरीपाशी बसवावयाचे काय?

या प्रश्नाला परंपरेच्या गौरवाने उत्तर देता येणार नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडून देण्याचा जो आदेश दिला, त्यामागे कातड्याचे अर्थशास्त्र ठाऊक नसण्याचा भाग नव्हता. मिळकत बुडाली तरी चालेल, पण जन्माने चिकटलेला धंदा माणसाने झुगारलाच पाहिजे, हा त्याचा अर्थ होता. कोल्हापूरला चपलेच्या संदर्भात शाहू महाराजांच्या आश्रयाचा अभिमानाने उल्लेख होतो. तो जरूर व्हावा. पण त्याच महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने संस्थानच्या नोकरीत मागासवर्गीयांना निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि पुढे महार वतनाचे जोखड काढले, हे त्याच श्वासात सांगावयास हवे. चर्मकाराच्या मुलाला आरीवाचून दुसरा रस्ता खुला झाला तेव्हाच आरी धरणे ही त्याची निवड ठरू शकते.

दुसऱ्या बाजूनेही काही माणसे चालत आली होती. वर्ध्याजवळ नालवाडीच्या चर्मालयात गोपाळराव वाळुंजकर, कोकणात आप्पासाहेब पटवर्धन यांनी उच्चवर्णीय घरांत जन्मूनही मेलेली जनावरे स्वतः सोलली. त्या प्रयोगांत भाबडेपणा नव्हता असे नाही. चार सत्पुरुषांनी सुरी हाती घेतल्याने जातीची उतरंड मोडत नाही, हे उघड आहे. तरी त्यांनी धरलेले एक सूत्र आजही कामाचे आहे: घाण कामातून ठरावीक माणसांची सुटका करावयाची असेल तर ते काम सर्वांचे, साधनांनी सुसह्य केलेले आणि चांगल्या मोबदल्याचे झाले पाहिजे. जिल्हा परिषदेने मृत जनावरे उचलणारी वाहने ठेवावी, तालुक्याला शीतगृहासह कातडे संकलन केंद्र काढावे, तेथे यंत्रे, हातमोजे, डॉक्टर व सरकारी वेतनश्रेणी असावी आणि भरती सर्व जातींतून व्हावी. मग गोरक्षणाच्या नावाने रस्ता अडविणाऱ्याला गाडीवरचा सरकारी शिक्का अडवावा लागेल. साल-हिरड्याच्या कमावणीसाठी हौद व सांडपाण्याची सोय सहकारी तत्त्वावर करणे हेही अशक्य नाही. साखरेचे कारखाने उभारणाऱ्या जिल्ह्याला दहा-वीस हौद जड जावे हे पटत नाही.

आता त्या करारासंबंधी. परदेशी कंपनी आली म्हणून भुई धोपटण्याचे कारण नाही. तीन वर्षांचे सहकार्य, कारागिरांचे प्रशिक्षण, काहींना इटलीत जाण्याची संधी अशा गोष्टी जाहीर झाल्या आहेत. त्यांतून एखाद्या मुलीच्या हाताला नवे वळण मिळत असेल तर ते चांगलेच. परंतु दोन हजार जोड गुणिले आठशे युरो हा हिशेब सोळा लाख युरोंचा होतो. त्यातील वेणी विणणाऱ्या बाईच्या पदरी काय पडणार, ढोराच्या हाती काय पडणार, हा आकडा जोडाच्या किमतीइतक्याच ठळकपणे छापला गेला पाहिजे. महामंडळे सार्वजनिक आहेत; कराराचा मसुदाही सार्वजनिक असावा. भौगोलिक निर्देशाचा हक्क कायद्याने विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. मग महामंडळे कंपनीला नेमके काय देत आहेत आणि कोणाच्या वतीने, हे विचारण्याचा पहिला अधिकार कारागिरांचा आहे. त्यांचे निवडून दिलेले प्रतिनिधी महामंडळाच्या संचालक मंडळावर निम्म्याने तरी असावेत ही मागणी यापुढे लावून धरावी लागेल.

त्यासाठी कायद्यात एक दार उघडे आहे आणि त्याची वार्ता वस्त्यांत फारशी पोचलेली नाही. कलम १७ प्रमाणे नोंदणीकृत मालाचा प्रत्येक उत्पादक स्वतः ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करून घेऊ शकतो. आणि एकदा अशी नोंद झाली की नावाच्या चोरीविरुद्ध दाद मागण्याचा हक्क महामंडळाप्रमाणे त्यालाही मिळतो. म्हणजे बाजारातल्या रबरी ‘कोल्हापुरी’वर खटला भरावयास कारागिरांच्या संघाला मंत्रालयाच्या पायऱ्या झिजविण्याची गरज नाही. कोल्हापूरचे सुभाषनगर, कापशी, मिरज, निपाणी, अथणी येथे कार्यकर्त्यांनी हे अर्ज घेऊन घरोघर जावे. तेथे जाताना एक सावधगिरी बाळगावी. अर्ज पुढे केला की घरातला पुरुष सवयीने स्वतःचे नाव सांगेल, कारण व्यापाऱ्याच्या वहीतही तेच आहे. तेव्हा कार्यकर्त्याने प्रथम विचारावे की या घरात वेणी कोण घालते, ठसे कोण मारते, रंग कोण लावते. आणि जे नाव सांगितले जाईल त्याचा वेगळा अर्ज भरून झाल्याशिवाय त्या घरातून उठू नये.